डोळ्यांत घालावयाचे थेंब : शास्त्र आणि विवेक



आपल्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत चार शब्द बोलण्यासाठी आपण मला पाचारण केले, याबद्दल मी शाळेचा ऋणी आहे. या व्यासपीठावरून आजवर साहित्य, समाजकारण आणि शिक्षण अशा मोठ्या विषयांवर मोठी माणसे बोलून गेली. त्या मानाने माझा विषय अगदी लहान, खरोखरच थेंबाएवढा आहे. डोळ्यांना जंतुसंसर्ग झाला असता जे प्रतिजैविक थेंब आपण डोळ्यांत घालतो, ते कोणी, केव्हा आणि कसे वापरावेत, एवढेच मला सांगावयाचे आहे. परंतु या थेंबाचा आणि गुरुजींचा संबंध माझ्या आयुष्यात असा जडला आहे, की त्यांच्या स्मृतिदिनी दुसऱ्या कोणत्या विषयावर बोलणे मला जमले नसते. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो आणि मग शास्त्राकडे वळतो.

एक बाटली

सप्टेंबर १९९४. सुरतेत प्लेगची बातमी पसरली आणि काही दिवसांत लाखो माणसे शहर सोडून निघाली. उधना, लिंबायत, डिंडोली, गोडादरा या भागांतील आपल्या खानदेशी माणसांनी ताप्ती लाइनची मिळेल ती गाडी पकडली. औषधांच्या दुकानांतून टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल नाहीशा झाल्या होत्या. ज्याला आजार नव्हता, त्याच्याही खिशात त्या होत्या. माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, खिशातही होत्या. मी तेव्हा नववीत होतो.

गावी बाजरीची कापणी सुरू होती. रिकामे कसे बसावे, म्हणून आप्पा भावाच्या शेतात कापणीला गेले आणि बाजरीच्या पानाची धार त्यांच्या उजव्या डोळ्याला लागली. डोळा थोडा लाल झाला, पाणी आले. त्याकडे कोणी फारसे लक्ष दिले नाही. लूम पुन्हा सुरू झाल्याचा निरोप आला तसे आम्ही सुरतेस परतलो. डोळ्याची लाली वाढली होती. शेजारच्या घरात मागच्या पावसाळ्यात डोळे आले होते, तेव्हा आणलेल्या थेंबांची रिकामी बाटली त्यांच्याकडे होती. आईने ती माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "हीच घेऊन ये." मी औषधाच्या दुकानात जाऊन तीच आणली. ना कोणी चिठ्ठी मागितली, ना कोणी काही विचारले.

दोन दिवसांत डोळ्याची लाली ओसरली. घरात समाधान झाले. आठव्या दिवशी मात्र आप्पांना रात्रभर झोप आली नाही. डोळ्यांतून ठणका निघत होता आणि बुबुळावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा डाग दिसत होता. त्या दिवशी वर्गात माझे लक्ष नव्हते. गुरुजींनी कारण विचारले आणि संध्याकाळी ते आमच्या खोलीवर आले. त्यांनी ती बाटली उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "वाच."

मी औषधाचे नाव वाचले.

"नाव नव्हे. खालची बारीक अक्षरे वाच."

मी अडखळत वाचले. क्लोरॅमफेनिकॉल. त्याखाली डेक्सामेथासोन.

"पहिले प्रतिजैविक आहे. दुसरे काय आहे?"

"ठाऊक नाही, गुरुजी."

"मलाही ठाऊक नाही," गुरुजी म्हणाले. "म्हणूनच आप्पा, उद्या खाडा झाला तरी चालेल, सकाळी मी येतो. आपण डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊ."

बुबुळावर बुरशीचा व्रण झाला होता. डॉक्टर म्हणाले, आणखी आठवडा गेला असता तर डोळाच काढावा लागला असता. महिनाभर बुरशीनाशक औषध चालले. डोळा वाचला, दृष्टी मात्र वाचली नाही. बुबुळावर फूल पडले ते कायमचे. पुढची सारी वर्षे आप्पांनी एका डोळ्यावर लूम चालवले. त्यांनी मला कधी बोल लावला नाही. पण बाटली मी आणली होती, हे मी विसरू शकलो नाही. नेत्रवैद्यकाकडे मी का वळलो, याचे उत्तर त्या फुलात आहे.

डोळे येणे म्हणजे काय?

डोळ्याचा पांढरा भाग आणि पापण्यांची आतली बाजू यांवर एक अत्यंत पातळ, ओलसर आवरण असते. त्या आवरणाचा दाह म्हणजेच आपण ज्याला 'डोळे येणे' म्हणतो तो विकार. आयुर्वेदात त्याला नेत्राभिष्यंद म्हणतात. सुश्रुताने संसर्गाने एका माणसाकडून दुसऱ्या माणसाकडे जाणाऱ्या रोगांत नेत्राभिष्यंदाची गणना केली असून स्पर्श, एकत्र शयन, दुसऱ्याची वस्त्रे आणि माळा वापरणे ही त्याची कारणे सांगितली आहेत. सूक्ष्मदर्शक यंत्र नसलेल्या काळातील हे निरीक्षण आजही आपल्या घरातील एकाच टॉवेलला तंतोतंत लागू पडते.

हा दाह मुख्यतः तीन कारणांनी होतो आणि पुढचे सारे विवेचन या तिहींतील भेदावर उभे आहे. पहिले कारण जीवाणू. यात पिवळसर किंवा हिरवट दाट पू येतो, दिवसभर चिपडे धरतात आणि सकाळी पापण्या एकमेकींना चिकटून बसतात. दुसरे कारण विषाणू. यात पाण्यासारखा स्राव वाहतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखे खुपते, पुष्कळदा आधी सर्दी किंवा घसा झालेला असतो, कानापुढची गाठ दुखते आणि एका डोळ्याचा आजार दोनतीन दिवसांत दुसऱ्या डोळ्यात उतरतो. तिसरे कारण ॲलर्जी, म्हणजेच वावडे. यात खाज हे प्रमुख लक्षण असते, बहुधा दोन्ही डोळे एकदम लाल होतात आणि धागेदार चिकट स्राव येतो. आमच्या वस्तीत कापडाचा तूस आणि धूळ यांचा वास बारमाही असल्यामुळे हा तिसरा प्रकारही कमी नाही.

ही लक्षणे नेहमीच इतकी सुटी सुटी दिसत नाहीत. अनुभवी डॉक्टरलाही केवळ पाहून प्रत्येक वेळी निश्चित सांगता येत नाही. मात्र एक गोष्ट निश्चित आहे. प्रतिजैविक हे जीवाणूंवरचे शस्त्र आहे. विषाणूंवर ते चालत नाही, बुरशीवर चालत नाही आणि वावड्यावरही चालत नाही.

पावसाळ्यात डोळ्यांच्या ज्या मोठ्या साथी येतात, त्या बहुतांशी विषाणूंच्या असतात. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात अशी एक नवी साथ उद्भवली. ते वर्ष चंद्रावर पाऊल ठेवण्याचे होते, म्हणून लोकांनी तिला 'अपोलो ११' हे नाव दिले. १९७१ मध्ये ती कलकत्त्यास पोहोचली, तेव्हा बांगलादेशच्या मुक्तिसंग्रामाचे दिवस असल्याने तेथे तिचे नाव 'जय बांगला' असे पडले. अलीकडे २०२३ च्या पावसाळ्यात गुजरात आणि महाराष्ट्र या दोन्ही राज्यांत डोळ्यांची साथ आली. आळंदीत दोन हजारांहून अधिक रुग्ण आढळले आणि संपूर्ण महाराष्ट्रातील संख्या लाखाच्या वर गेली. अशा साथीत थंड पाण्याच्या घड्या, स्वच्छता, विश्रांती आणि आठपंधरा दिवसांचा धीर हाच मुख्य उपचार असतो. तरीही घरोघर प्रतिजैविकांच्या बाटल्या रित्या होतात आणि आठ दिवसांनी डोळे आपोआप बरे झाले की त्याचे श्रेय बाटलीला मिळते. पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या मुलाच्या हाती तीच रिकामी बाटली देण्याची प्रथा येथूनच सुरू होते.

प्रतिजैविकांचे उपकार

माझ्या हकीकतीवरून कोणी असा समज करून घेऊ नये, की हे थेंब वाईट आहेत. तसे म्हणणे कृतघ्नपणाचे ठरेल.

एकेकाळी युरोपातील अंधशाळांत जी मुले असत, त्यांतील पुष्कळांची दृष्टी जन्मतःच झालेल्या जंतुसंसर्गाने गेलेली असे. जर्मनीतील लाइपझिग येथे डॉक्टर कार्ल क्रेडे यांनी १८८० पासून नवजात बालकांच्या डोळ्यांत सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणाचा थेंब घालण्यास प्रारंभ केला. त्यांच्या प्रसूतिगृहात पूर्वी दर शंभर बालकांमागे सुमारे दहांना होणारा हा विकार शंभरात एकाच्याही खाली आला. प्रतिजैविकांचा शोध तेव्हा लागावयाचा होता, परंतु योग्य वेळी घातलेल्या एका थेंबाचे सामर्थ्य जगाला तेथे दिसले.

आपल्याकडचे उदाहरण खुपऱ्यांचे. पापण्यांच्या आत पुरळ उठणे, पुढे पापण्या आत वळणे आणि केसांनी बुबुळ घासून घासून आंधळेपणा येणे, असा हा जीवाणुजन्य रोग गुजरात, राजस्थान, पंजाब या भागांत एके काळी फार पसरलेला होता. १९६३ मध्ये त्याविरुद्ध राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. टेट्रासायक्लिनचे मलम, पुढे ॲझिथ्रोमायसिन, चेहऱ्याची स्वच्छता, पाणी आणि शौचालये यांच्या एकत्रित प्रयत्नांतून, भारतात खुपऱ्या ही आता सार्वजनिक आरोग्याची समस्या उरली नसल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर केले. ज्या टेट्रासायक्लिनच्या कॅप्सूल १९९४ मध्ये निरोगी माणसांच्या खिशांत निष्कारण पडून होत्या, त्याच औषधाने योग्य जागी, योग्य रोग्याला मिळाल्यावर हे घडवले आहे.

तिसरे उदाहरण सांगताना माझे मन आजही थोडे कातर होते. नेपाळमधील भक्तपूर जिल्ह्यात सुमारे पस्तीस हजार लोकवस्तीत एक प्रयोग झाला. त्याचा वृत्तान्त २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. शेतात किंवा घरकामात बुबुळाला ओरखडा आलेल्या ४४२ जणांना गावातल्याच प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी क्लोरॅमफेनिकॉलचे साधे एक टक्क्याचे मलम दिवसातून तीन वेळा, तीन दिवस लावले. त्यांपैकी ९६ टक्के लोकांचा ओरखडा संसर्गाविना भरून आला. इजा झाल्यापासून अठरा तासांच्या आत जे आले, त्यांच्यापैकी एकालाही व्रण झाला नाही. मलम महागडे नव्हते. त्यात स्टिरॉइड नव्हते. ते वेळेवर, तपासून, जाणत्या हाताने लावले गेले होते. बाजरीचे पान लागले त्याच संध्याकाळी आप्पांच्या डोळ्याला असा हात लाभला असता तर, हा विचार मी पुष्कळदा केला आहे.

बाटलीतील दुसरे नाव

आता गुरुजींना आणि मला त्या संध्याकाळी जे ठाऊक नव्हते, ते सांगतो. डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आहे. स्टिरॉइड जंतूंना मारीत नाही. शरीर जंतूंशी जे युद्ध करते, त्या युद्धाचा गलबला ते शांत करते. लाली, सूज आणि वेदना ही त्या युद्धाची चिन्हे होत. ती मावळली की रोग्याला वाटते, आराम पडला. वस्तुतः पहारेकऱ्याला झोप लागलेली असते आणि चोर घरात मोकळा फिरत असतो. चोर बुरशीचा असेल तर सोबतचे प्रतिजैविक त्याला अडवीत नाही. तसेच बुबुळावर नागिणीच्या कुळातील हर्पीस विषाणूचा व्रण असेल, तर स्टिरॉइडने तो झपाट्याने पसरतो. दीर्घकाळ वापरल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होतो, मोतीबिंदूही लवकर येतो. शस्त्रक्रियेनंतर आणि काही विकारांत हीच संमिश्र औषधे फार उपयोगी पडतात, पण ती डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

आपल्या देशात बुबुळाच्या व्रणात बुरशीचे प्रमाण थोडेथोडके नाही. मदुराई येथील अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ च्या पहिल्या तीन महिन्यांत आलेल्या ४३४ व्रणग्रस्त रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा जीवाणू आणि बुरशी यांचे प्रमाण जवळजवळ सारखे, प्रत्येकी शेकडा ४७ च्या आसपास, आढळले. पान, काडी, कुसळ, कडब्याचा तुकडा अशा वनस्पतिजन्य वस्तूने इजा झाली असेल तर बुरशीची शंका आधी घ्यावी, हा धडा प्रत्येक नेत्रवैद्याला शिकवतात. सुरतेत राहूनही आपल्यापैकी अनेकजण आखाजीला, कापणीला, लग्नसराईत गावी जातात. म्हणून हा धडा आपणही पाठ करावयास हवा.

तेव्हा बाटलीवर वा वेष्टनावर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव दिसले, तर ते औषध स्वतःच्या मनाने डोळ्यांत घालू नये. पुष्कळदा औषधाच्या मुख्य नावापुढे जोडलेले 'डी' हे एक अक्षरच या डेक्सामेथासोनची खूण असते. एका अक्षराने केवढा अनर्थ होतो, हे मराठीच्या तासाला गुरुजी काना-मात्रेच्या संदर्भात सांगत. औषधांच्या बाबतीत ते अधिकच खरे आहे.

अर्धवट उपचाराचे पाप

पेनिसिलिनचे शोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी डिसेंबर १९४५ मध्ये नोबेल पारितोषिक स्वीकारताना केलेल्या भाषणाच्या शेवटी एक काल्पनिक गोष्ट सांगितली होती. एका गृहस्थाचा घसा दुखतो. तो स्वतःच पेनिसिलिन आणून अपुऱ्या मात्रेत घेतो. जंतू मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात. मग त्या जंतूंची बाधा त्याच्या पत्नीला होते आणि औषधाचा उपयोग न होऊन ती दगावते. अपराध पतीचा, शिक्षा पत्नीला. आज त्या गोष्टीतील घर म्हणजे आपला सारा देश झाला आहे. एकेकाळी हमखास गुण देणारी औषधे काही जंतूंपुढे निष्प्रभ ठरू लागली आहेत. म्हणून गरज नसताना थेंब घालू नयेत आणि गरज म्हणून सुरू केले तर डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पुरे करावेत. दुसऱ्या दिवशी डोळा स्वच्छ दिसला म्हणून बाटली कोनाड्यात ठेवू नये, तसेच उरले आहे म्हणून महिनाभर घालीतही राहू नये.

कायद्यानेही अशी औषधे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकावयाची नाहीत. २०१६ मध्ये शासनाने प्रतिजैविकांच्या वेष्टनावरील उभ्या लाल रेघेविषयी मोहीम काढली. ती रेघ दिसली की थांबावे आणि डॉक्टरांना विचारावे, एवढाच तिचा अर्थ.

थेंब घालण्याची रीत

औषध योग्य असले तरी रीत चुकली तर फळ मिळत नाही. ही रीत विद्यार्थ्यांनी घरी जाऊन आईला, आजीला करून दाखवावी.

प्रथम हात साबणाने धुवावेत. डोळ्याची चिपडे उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या स्वच्छ कापसाने पुसावीत. आतल्या कोपऱ्याकडून बाहेर पुसून तो बोळा टाकून द्यावा, दुसऱ्या डोळ्यासाठी नवा घ्यावा. मग मान मागे करून खालची पापणी बोटाने हलकेच ओढावी, म्हणजे तेथे एक लहानशी खोबण तयार होते. दृष्टी वर ठेवून त्या खोबणीत एकच थेंब सोडावा. बाटलीचे टोक पापणीला, केसांना वा बोटाला लागू देऊ नये.

एकच थेंब का? डोळ्याच्या त्या खोबणीत जास्तीत जास्त सुमारे तीस मायक्रोलिटर द्रव मावतो आणि बाटलीतून पडणारा एक थेंब बहुधा तेवढा किंवा त्याहून मोठाच असतो. दुसरा थेंब गालावरून वाहून जातो, पैसाही त्याच्याबरोबर जातो. थेंब घातल्यावर डोळा अलगद मिटावा आणि नाकाजवळचा कोपरा बोटाने एकदोन मिनिटे दाबून धरावा. तेथून अश्रूंची नळी नाकात उतरते. थेंब घातल्यावर घशाला कडू लागते ते त्यामुळेच. कोपरा दाबल्याने औषध डोळ्यात टिकते. दोन निरनिराळी औषधे असतील तर मध्ये पाच मिनिटे जाऊ द्यावीत. थेंब आणि मलम दोन्ही असतील तर थेंब आधी, मलम नंतर. मलमाने काही वेळ धुरकट दिसते, तेव्हा लगेच मशीनवर किंवा वाहनावर बसू नये.

लहान मूल डोळा उघडत नसेल तर त्याच्याशी झटापट करू नये. त्याला उताणे निजवून, मिटलेल्या डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात थेंब ठेवावा. मूल डोळा उघडते तसा थेंब आपोआप आत जातो.

किती वेळा घालावयाचे ते डॉक्टर सांगतात. साध्या जीवाणुसंसर्गात सामान्यतः दिवसातून चार ते सहा वेळा, पाच ते सात दिवस असे प्रमाण असते. दोनतीन दिवसांत उतार दिसला नाही, किंवा थेंबानेच पापण्या सुजू लागल्या, खाज वाढली, तर पुन्हा डॉक्टरांना दाखवावे. काहींना निओमायसिनचे वा सल्फाच्या औषधांचे वावडे असते. घरात कोणाला रक्ताचा गंभीर विकार झालेला असल्यास, किंवा स्त्री गरोदर वा अंगावर पाजणारी असल्यास तेही आधी सांगावे.

बाटलीचे सोवळे

डोळ्यांच्या थेंबांची बाटली निर्जंतुक असते ती झाकण उघडेपर्यंतच. उघडल्याची तारीख तिच्यावर लिहावी आणि वेष्टनावर वेगळे सांगितले नसेल तर महिनाभरात ती टाकून द्यावी. एक बाटली एका माणसाची. आईची मुलाला नाही, भावाची बहिणीला नाही. दूषित बाटली काय करू शकते, याचे दारुण उदाहरण २०२३ मध्ये अमेरिकेत घडले. भारतात तयार होऊन तेथे गेलेल्या कृत्रिम अश्रूंच्या थेंबांतून स्यूडोमोनास नावाचा, बहुतेक प्रतिजैविकांना न जुमानणारा जीवाणू पसरला. ८१ जणांना बाधा झाली, चौघे मृत्यू पावले, चौदा जणांची दृष्टी गेली. ते तर औषधसुद्धा नव्हते, केवळ ओलाव्याचे थेंब होते.

याच कारणाने मध, गुलाबपाणी, कांद्याचा रस, अंगावरचे दूध, डबीतले जुने काजळ किंवा सुरमा यांपैकी काहीही दुखऱ्या डोळ्यांत घालू नये. आजीचे प्रेम खरे असते, पण तिच्या डबीला निर्जंतुकपणाची हमी नसते.

जेव्हा थांबावयाचे नाही

काही प्रसंगी थेंबांचा विचारही न करता त्याच दिवशी नेत्रवैद्याकडे जावे. डोळ्यात ठणका असेल, दृष्टी अंधुक झाली असेल, उजेड सोसवत नसेल, बुबुळावर पांढरा ठिपका दिसत असेल, पान, काडी, धातूचा कण किंवा धोट्याचा मार लागला असेल, कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्याचा डोळा लाल झाला असेल, किंवा महिन्याच्या आतील बालकाच्या डोळ्यांतून पू येत असेल, तर एक रात्रही दवडू नये. चुना, ॲसिड किंवा रंगाचे रसायन उडाले तर मात्र आधी जागच्या जागी नळाच्या पाण्याने निदान अर्धा तास डोळा धूत राहावे आणि मग धावावे.

कारखान्यात डोळ्यात कण गेला की सोबतीचा कारागीर आगपेटीच्या काडीने किंवा गमछ्याच्या टोकाने तो काढून देतो. त्याची भावना मैत्रीची असते, परंतु त्या काडीने बुबुळाचे दार जंतूंना उघडे होते. पाण्याने धुऊन कण निघाला नाही, तर तो काढण्याचे काम डॉक्टरांचे. घरी बसून साड्यांवर टिकल्या चिकटवणाऱ्या, धागे कापणाऱ्या आपल्या आयाबहिणींनीही चिकट हात डोळ्यांना लावू नयेत. ज्याचे डोळे आले असतील त्याचा टॉवेल, उशी आणि रुमाल वेगळा असावा आणि पू किंवा पाणी वाहणे थांबेपर्यंत मुलाला शाळेत पाठवू नये. हजेरीपेक्षा वर्गातील इतर चाळीस जोड डोळे अधिक मोलाचे आहेत.

समारोप

मित्रहो, आपल्या अहिराणीत डोळ्याला डोया म्हणतात. उच्चार बदलतो, पण त्याचे मोल कोणत्याही भाषेत बदलत नाही. लूमवरचा तुटलेला धागा डोळ्यानेच दिसतो आणि फळ्यावरचे अक्षरही डोळ्यानेच दिसते. ज्यांनी डोळे शिणवून आपल्याला शाळेत पाठवले, त्यांच्या घरात आज बाटलीवरची बारीक अक्षरे वाचू शकणारे कोणी असेल तर ते आपणच आहोत.

गुरुजी विज्ञानाचे पदवीधर नव्हते. त्या संध्याकाळी त्यांनी कोणतेही औषध सुचवले नाही. त्यांनी केवळ दोन गोष्टी केल्या. जे लिहिले आहे ते वाचावयास लावले, आणि जे ठाऊक नाही ते ठाऊक नाही असे एका विद्यार्थ्यापुढे निःसंकोच सांगितले. त्यांच्याआधी ती बाटली दुकानदाराने, शेजाऱ्यांनी, आईने आणि मी हाताळली होती. आम्हां चौघांपैकी एकानेही यांतील एकही गोष्ट केली नव्हती.

आज माझ्याकडे येणाऱ्या रुग्णाबरोबर एखादे शाळकरी पोर आले की मी औषधाची बाटली प्रथम त्याच्या हाती देतो आणि म्हणतो, "वाच." ते पोर अडखळत वाचते. मला तेवढ्यापुरते आप्पांचे ऋण फिटल्यासारखे वाटते. पूर्ण ते फिटावयाचे नाही.